पार्किन्सन्स घरी आल्यावर: आपोआप व्हायचं ते मुद्दाम करताना

आमच्या हॉलमधून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दारात फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा आहेत. घरी पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, इथली फरशी फुटली आहे का? फरशी शाबूत आहे. त्या रेघा ओलांडत माझे यजमान रोज सकाळी चहाला येतात. रेघा नव्हत्या तेव्हा ते दारापर्यंत नीट चालत यायचे आणि ऐन दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मी मागून म्हणायचे, "अहो, चला ना." मी जितकं म्हणेन तितके ते पाय आणखी रुतायचे.

ह्यांच्या पार्किन्सन्सला आता अकरा वर्षं झाली. निदान झालं तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, पुढच्या भेटीची तारीख मिळाली. शर्टाची बटणं कशी लावायची, रात्री कूस कशी बदलायची, बँकेत सही जुळेना तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते आम्ही धडपडत शिकलो, आणि पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात इतरांना विचारत शिकलो. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. मला हे शब्द मनापासून आवडतात, म्हणून इथेही तेच वापरते.

ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कुठली गोळी किती घ्यायची हे तुमचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. मी सांगणार आहे ते सकाळपासून रात्रीपर्यंतचं.

आधी आजाराची रीत समजून घ्या

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन लिहिलं. त्यांचा जन्म ११ एप्रिलचा, म्हणून तो दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे ‘कंपवात’ हे नाव रुळलेलं आहे आणि त्या नावाने एक घोटाळा होतो. कंप नाही म्हणजे हा आजार नाही, असं लोकांना वाटतं. पण कित्येक शुभार्थींना कंप नसतोच. अंग ताठरतं, हालचाल मंदावते, चालताना एक हात हलेनासा होतो. खांदा दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या होतात. आमचं पहिलं वर्ष त्या खांद्यातच गेलं.

मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. सवयीच्या हालचाली आपण विचार न करता करतो, त्या या डोपामिनच्या भरवशावर. पाऊल उचलणं, चालताना हात हलवणं, पापणी लवणं, लाळ गिळणं, समोरच्याला ऐकू जाईल इतपत आवाज काढणं, ओळखीचं माणूस दिसल्यावर चेहऱ्यावर हसू येणं. पार्किन्सन्समध्ये हातापायांतली ताकद पळून जात नाही. जातं ते ‘आपोआप’. मला हे कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर घरातली निम्मी भांडणं मिटली. जे आपोआप होत होतं ते आता लक्ष देऊन, तुकडे पाडून, मुद्दाम करायचं असतं. मुद्दाम केलेली हालचाल मेंदूच्या वेगळ्या वाटेने जाते आणि ती वाट बरीच शाबूत असते. खालच्या बहुतेक युक्त्या इथूनच निघतात.

म्हणूनच सपाट फरशीवर अडकणारा माणूस जिना भराभर चढतो, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांना ‘इथे पाय ठेव’ असं सांगत असते. २०१० साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. ज्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती तो माणूस सायकलवर बसवल्यावर रस्त्यावरून मोकळेपणाने जात होता. हे ठाऊक नसेल तर घरचे म्हणतात, "आत्ता तर जिना चढलात, आता दारात काय झालं? मुद्दाम करता." कामाच्या मावशींपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा की हे नाटक नाही, आळस नाही.

पहिलं काम: गोळीचं घड्याळ

बहुतेकांना आज ना उद्या लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध, सुरू होतं. आपल्याकडे घरोघरी ते ‘सिंडोपा’ या नावाने ओळखतात. गोळीचा असर असतो तो काळ ‘ऑन’ आणि उतरतो तो ‘ऑफ’, हे दोन शब्द तुमच्या घरात लवकरच मराठीच होऊन जातील. सुरुवातीच्या वर्षांत फरक फारसा जाणवत नाही. पुढे मात्र अर्धा तास उशीर झाला तरी हात-पाय सांगतात.

मोबाइलवर प्रत्येक गोळीचा गजर लावा. ‘जेवणानंतर’ असं ढोबळ लिहू नका, घड्याळातली वेळ लिहा.

गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. वरण, उसळ, दूध, पनीर, अंडी, मासे यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात शिरायला एकच दार वापरतात, आणि त्या गर्दीत गोळी मागे राहते. म्हणून साधारणपणे जेवणाआधी अर्धा ते एक तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी घ्यायला सांगतात. सगळ्यांना हा त्रास सारखा होत नाही. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखाद्या साध्या बिस्किटाबरोबर घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. प्रथिनं बंद मात्र करू नका, नाहीतर माणूस खंगतो. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाला अडवतात, त्यांची वेळ लांब ठेवा. बद्धकोष्ठाने गोळीचा असर उशिरा सुरू होतो, आणि या आजारात बद्धकोष्ठ जवळजवळ घरोघरी असतं. इसबगोल, भरपूर पाणी, पपई, रोजचं चालणं, हे गोळीइतकंच नेमाने करा.

एकादशी असो की नवरात्र, गोळी चुकवायची नाही. ती मनाने एकदम बंद करणं तर धोक्याचं आहे: अंग लाकडासारखं ताठून ताप चढतो आणि रुग्णालयात न्यायची वेळ येते. औषध संपायच्या आठवडाभर आधी नवी पाकिटं आणून ठेवा. बाहेर जाताना एक डोस पर्समध्ये आणि एक त्यांच्या खिशात ठेवा.

एका साध्या वहीत आठवडाभर लिहून पाहा: गोळी किती वाजता घेतली, हालचाल मोकळी केव्हा झाली, केव्हा उतरली, अंग नागासारखं डुलायला केव्हा लागलं. ते डुलणं म्हणजे कंप नाही. औषधाचा असर शिखरावर असताना होणारी ती वेगळी हालचाल आहे, आणि दोन्हींवरचे उपाय उलटे असतात. तुम्ही नुसतं "हलतात हो" म्हणालात तर डॉक्टरांचा गोंधळ होईल. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून दाखवा. वही हातात आली की अंघोळ, फिरणं, बँक, लग्नाचं आमंत्रण, सगळं ‘ऑन’च्या वेळेत बसवता येतं.

कुणीतरी खाजकुहिलीची पावडर सुचवेलच. त्या बियांमध्ये खरंच नैसर्गिक लेव्होडोपा असतं, आणि म्हणूनच ती चालू गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनाने घ्यायची नाही. तो डोस वाढवणंच आहे, फक्त मोजमाप नसलेलं.

एक नाजूक गोष्टही सांगते, कारण लाजेपोटी लोक ती लपवतात. याच आजारावरच्या प्रामिपेक्सोलसारख्या काही गोळ्यांनी काहींना अनावर खरेदी, ऑनलाइन जुगार, सतत खाणं किंवा कामवासना वाढणं असे त्रास होतात. तो स्वभावाचा दोष नाही, औषधाचा परिणाम आहे, आणि डॉक्टरांना सांगितल्यावर औषध बदलून आवरता येतो.

दुसरं काम: पाकिटात एक कार्ड

हा भाग घाईत वाचू नका. तिसऱ्या वर्षी ह्यांना पित्ताचा त्रास होता म्हणून जवळच्या एका डॉक्टरांनी गोळी दिली. महिन्याभरात चाल एकदम बिघडली, चेहरा दगडासारखा झाला, पाणी प्यायलाही आधार लागू लागला. आम्ही समजलो, आजार वाढला. न्यूरॉलॉजिस्टनी पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर काढायला लावली आणि त्या पित्ताच्या गोळीवर बोट ठेवलं. तिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. ते डोपामिनचा रस्ता अडवतं. गोळी बंद केल्यावर चाल हळूहळू परत आली, पण ते महिने मी विसरलेले नाही.

म्हणून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठसठशीत लिहून एक प्रत त्यांच्या पाकिटात आणि एक तुमच्याकडे ठेवा: ‘मला पार्किन्सन्स आहे. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल देण्यापूर्वी माझ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा.’ पित्त, उलटी, चक्कर, अर्धशिशी आणि रुग्णालयातली रात्रीची बडबड अशा अगदी साध्या कारणांसाठी ही औषधं दिली जातात. कार्डाच्या मागे चालू गोळ्या आणि त्यांच्या वेळा लिहा. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर वॉर्डाच्या वेळेनुसार गोळ्या मिळतात, आपल्या वेळेनुसार नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या सिस्टरांना भेटून, कार्ड दाखवून, वेळा लिहून घ्यायला सांगा. नम्रपणे सांगा, पण सोडू नका.

पाय रुतले तर

आता पुन्हा त्या दाराकडे येते. पाय रुततात ते ठरलेल्या ठिकाणी: दारात, लिफ्टच्या तोंडाशी, अरुंद बोळात, वळताना, खुर्ची दोन पावलांवर राहिल्यावर. आणि घाईत. फोन वाजला, दाराची बेल वाजली, लिफ्टचं दार मिटायला लागलं की हमखास.

त्या क्षणी शुभार्थींनी असं करायचं. पहिल्यांदा थांबायचं, पूर्ण थांबायचं. पुढे ढकलत राहिलं की वरचं अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. श्वास घ्यायचा, कणा ताठ करायचा. मग वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर, असं जागच्या जागी डुलायचं. एक पाय हलका झाला की तो मुद्दाम उंच उचलून टाकायचा, टाच आधी. ‘चालायचं’ असा विचार करायचा नाही. ‘ही रेघ ओलांडायची’ असा करायचा.

ओलांडायला काहीतरी हवं. फरशीचा सांधा चालतो, काठीचं टोक आडवं धरलेलं चालतं, शुभंकरांनी आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं तरी चालतं. घरात ठरलेल्या जागी गडद रंगाच्या पट्ट्या चिकटवून टाका, साधारण एकेका पावलाच्या अंतरावर. गंमत अशी की जुन्या घरातला उंबरठा, जो म्हाताऱ्या माणसांना अडखळवतो म्हणून आपण काढून टाकतो, तो काही शुभार्थींना उलट मदत करतो. तुमच्या घरी काय होतं ते पाहूनच निर्णय घ्या. सैल पायपुसणी आणि सतरंज्या मात्र उचलाच, त्यांच्याबद्दल दुमत नाही.

डोळ्यांना रेघ, तसा कानांना ठेका. "एक-दोन, एक-दोन" म्हणा, मोबाइलवर ठेक्याचं गाणं लावा. आमच्याकडे वारीचा ठेका चालतो. मी ‘ग्यानबा तुकाराम, ग्यानबा तुकाराम’ म्हणू लागले की तिसऱ्या ‘ग्यानबा’ला पाय सुटतो. ह्यांचे वडील वारकरी होते, तो ताल अंगात लहानपणापासून मुरलेला. तुमच्या माणसाच्या अंगात कुठला ठेका आहे तो शोधा. कुणाला लेझीम, कुणाला कवायतीतलं ‘दाहिना-बाया’.

वळताना टाचेवर गर्रकन फिरायचं नाही. बैलगाडी वळते तसं मोठं वळण घ्यायचं, पावलं मोजत. हे आम्ही रोज संध्याकाळी हॉलमध्ये सेंटर टेबल बाजूला सरकवून करतो.

चालताना दुसरं काम नको. चहाचा कप हातात, बोलणं चालू आणि चालणंही चालू, अशी तीन कामं ‘आपोआप’वर टाकता येत नाहीत. हातात काही द्यायचंच नाही. खांद्यावर तिरकी अडकवायची पिशवी किंवा गळ्यातला मोबाइलचा पाउच बरा. प्रश्न विचारायचा तर ते थांबल्यावर विचारा.

शुभंकरांसाठी एकच: हात धरून ओढू नका आणि मागून ढकलू नका. बाजूला उभे राहा, तुमचा हात पुढे करा, त्यांना धरू द्या. आणि ‘लवकर’ हा शब्द घरातून काढून टाका. मी तो अजून कधी कधी उच्चारते आणि त्याचा परिणाम लगेच समोर दिसतो.

खुर्ची, पलंग, न्हाणीघर

मऊ, खोल सोफा नकोच. हात असलेली, थोडी उंच, कडक बैठकीची खुर्ची घ्या. उठताना चार तुकडे करायचे: पुढच्या कडेवर सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, आणि "एक, दोन, तीन" म्हणत उठायचं. बहुतेकजण तिसरा तुकडा गाळतात आणि मागे कोसळतात. बसताना खुर्चीची कड दोन्ही पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे यायचं, मगच बसायचं.

रात्री कूस बदलणं हा या आजारातला फार मोठा त्रास आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सुती चादर आणि सुती पायजमा एकमेकांना धरून ठेवतात. आम्ही जुनी गुळगुळीत रेशमी साडी दुहेरी करून पलंगाच्या मधल्या भागात, पाठ आणि कंबर येते तिथे, आडवी घालून दोन्हीकडे खोचतो. कडेपर्यंत आणायची नाही, नाहीतर उठताना घसरायला होतं. कुशीवर वळायचं तर दोन्ही गुडघे वाकवा, ते त्या बाजूला पडू द्या, मागोमाग हात आणि नजर त्याच बाजूला न्या. जड रजईऐवजी हलकं पांघरूण द्या. रात्री न्हाणीघरापर्यंत छोटा दिवा चालू ठेवा.

पहाटे उठून एकदम उभं राहायचं नाही. या आजारात आणि या औषधांनी उभं राहिल्यावर रक्तदाब झपकन उतरू शकतो. उठून कडेला बसा, पावलं वरखाली करा, घोटभर पाणी प्या, मग उभे राहा. वारंवार डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून डॉक्टरांना दाखवा.

न्हाणीघरात भिंतीत पक्के बसवलेले दांडे हवेत. रबरी कपांनी भिंतीला चिकटवायचे निसटतात. अंघोळ स्टुलावर बसून. साबण हातातून निसटतो, तो जुन्या पातळ मोज्यात घालून गाठ मारा. कमोडची बैठक उंच करा. आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल अशी बसवा. हे सगळं पहिलं पडणं होण्याआधी करा.

कपडे आणि ताट

ताठरलेला हात बाहीत आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. शर्टाची बटणं वरून तशीच शिवून ठेवायची आणि आतून वेलक्रो लावायचं. शिंपी पंधरा मिनिटांत करून देतो आणि बाहेरून कुणाला कळत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक. स्त्रियांसाठी पुढे हूक असलेला ब्लाउज आणि शिवलेली साडी, निऱ्यांसकट. मंडळात एक शुभार्थी ताई बंद दाराआड पाऊण तास साडी नेसायच्या आणि रडायच्या; शिवलेली साडी मिळाल्यापासून त्या लग्नाकार्याला पुन्हा जायला लागल्या. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल द्या. उघड्या स्लिपर पायातून निघतात, आणि फार चिकट रबरी तळवे पाय घासत चालणाऱ्याला अडकवतात.

जेवताना कोपर टेबलावर टेकवलं की हाताचा कंप बराच आवरतो. पसरट ताटाऐवजी काठ असलेली खोल थाळी घ्या, आणि तिच्याखाली ओलं फडकं टाका म्हणजे ती सरकत नाही. कप अर्धाच भरा, दोन वेळा द्या. बशी नकोच. दोन कानांचा मग असेल तर उत्तम.

ठसक्याकडे दुर्लक्ष करू नका. गिळणंही ‘आपोआप’मध्येच येतं. ताठ बसायचं, लहान घास, एक घास पूर्ण गिळल्यावर दुसरा, तोंडात घास असताना बोलायचं नाही आणि आपणही त्यांना बोलतं करायचं नाही. आमच्याकडे कोरडे पोहे, चिवडा, शेंगदाणे आणि पातळ आमटी त्रास देतात, मऊ कालवलेला वरणभात सुखाने जातो. पाण्याचा ठसका वारंवार लागायला लागला तर स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या. अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीत होणारा संसर्ग या आजारात जिवावर बेततो.

आवाज, चेहरा, सही

आवाज बारीक होतो, पण शुभार्थींना स्वतःला तो ठणठणीत वाटतो. "तुलाच ऐकू येत नाही" असं हे मला वर्षभर म्हणत होते. मी मोबाइलवर आवाज मुद्रित करून ऐकवला तेव्हा पटलं. उपाय हाच की ‘ओरडतोय’ असं वाटेल इतक्या जोराने बोलायचं. समोरच्याला ते नेहमीसारखं वाटतं. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, लांब ‘आऽऽ’ लावा, संध्याकाळची आरती खड्या आवाजात म्हणा.

चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात म्हणून माणूस रागावलेला किंवा उदास वाटतो. नातेवाइकांना आधीच सांगा. मनात काय आहे ते चेहऱ्यावरून ओळखू नका, विचारा. खरी उदासीही या आजाराबरोबर येते आणि तिच्यावर औषध असतं, म्हणून विचारणं आणखी गरजेचं.

अक्षर ओळीच्या शेवटाला मुंगीएवढं होतं. दुरेघी वहीत, प्रत्येक अक्षर दोन्ही रेघांना टेकवत लिहिलं की सुधारतं. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करता येतं, ते शिकवून ठेवा. पण सहीचा प्रश्न उरतोच. बँकेतली नमुना सही वेळेत बदलून घ्या आणि शक्य असेल तर खातं संयुक्त करा. सही जमतच नसेल तर अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरच्या आणि आजाराने जखडलेल्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितलेलं आहे. शाखेत ठामपणे मागा. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो, थरथरतं बोट यंत्रावर टेकवत बसावं लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. आजार वाढल्यावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात अर्ज करता येतो.

विचित्र वाटणाऱ्या गोष्टी

हिंगाच्या फोडणीचा वास येत नाही, असं हे निदानाच्या कितीतरी आधी म्हणायचे. आम्ही सर्दीवर ढकललं. वास जाणं आणि झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडणं, ओरडणं, या दोन गोष्टी या आजारात वर्षानुवर्षं आधीही सुरू होऊ शकतात. वास येत नसेल तर गॅस बंद केलाय की नाही, दूध नासलंय की नाही, हे दुसऱ्याने पाहायला हवं. झोपेतल्या लाथांसाठी पलंगाजवळची टोकदार वस्तू हलवा आणि डॉक्टरांना सांगा.

काहींना पुढे दाराआडून कुणी गेल्याचा भास होतो, कोपऱ्यात मांजर किंवा लहान मूल दिसतं. वाद घालू नका, घाबरून ओरडूही नका. "मला नाही दिसत, पण दिवा लावून बघू या" म्हणा. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. अचानक एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला तर आधी लघवीचा संसर्ग तपासा.

चारचौघांत कंप वाढतो. भाजीवाल्यासमोर सुटे पैसे मोजताना हात थरथरला म्हणजे आजार वाढला असं नाही. ताणाने तो वाढतोच, घरी आल्यावर उतरतो. ह्यांनी या भीतीपोटी वर्षभर बाहेर जाणं सोडलं होतं. आता पहिल्याच वाक्यात सांगतात, "मला पार्किन्सन्स आहे, जरा वेळ लागेल." लोक थांबतात.

व्यायाम, आणि शुभंकरांचे दोन तास

व्यायाम ही इथे औषधाइतकीच गरज आहे, आणि तो जितका लक्ष द्यायला लावणारा तितका बरा. पुण्यात हृषीकेश पवार शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. मुंबईची पार्किन्सन्स संस्था गटाने व्यायाम घेते. जवळ काही नसेल तर एका जागी बसवलेली सायकल, खुर्ची धरून योगासनं, आणि मोठी पावलं टाकत मोजून चालणं, रोज, ‘ऑन’च्या वेळेत.

जे त्यांना जमतं ते त्यांना करू द्या. बटण लावायला सहा मिनिटं लागली तर लागू द्या, आपण चहा टाकावा. मी पहिली दोन वर्षं सगळं हातातून काढून घेत होते, प्रेमानेच, आणि त्यात त्यांचे हात आणखी बसले.

तुमच्यासाठी आठवड्यातले ठरलेले दोन तास पहिल्या वर्षापासूनच मागून घ्या. थकून गेल्यावर मागायचं म्हटलं तर तेव्हा माणूस शोधायचीही ताकद राहत नाही. गोळीची वेळ, पट्ट्या, ठेका, ठसका लागला तर काय करायचं, हे त्या माणसाला एकदा समोर बसवून शिकवा. आमच्याकडे रविवारी चार ते सहा भाचा येतो. साडेचारची गोळी तो देतो, मग दोघं मिळून हॉलमध्ये बैलगाडीची वळणं घेतात. मी तेव्हा मैत्रिणीकडे असते, आणि फोन तिच्या टेबलावर उलटा ठेवलेला असतो.